विश्लेषण : चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पण तिथला व्यापार मुंबईला का गेला?

गणेशपुरीला गरम पाण्याच्या कुंडांसाठी आणि नित्यानंद महाराजांच्या समाधीसाठी जाणारे बहुतेक भाविक वाटेत वज्रेश्वरीलाही थांबतात. दोन्ही ठिकाणे भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या खोऱ्यात, एकमेकांपासून दोन किलोमीटरच्या आसपास. वज्रेश्वरीचे देऊळ टेकडीवर आहे. दगडी पायऱ्या, नगारखाना, भोवती भक्कम तट. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते देवळापेक्षा किल्ल्यासारखेच वाटते. यामागे एक नवस होता आणि त्या नवसामागे एक शहर, वसई.

परंपरेनुसार हा नवस चिमाजी अप्पांचा. पहिल्या बाजीराव पेशव्यांचे धाकटे बंधू आणि १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेणारे सेनापती, ही त्यांची ओळख शाळेच्या पुस्तकातून सर्वांना आहे. पण त्यांचे आयुष्य आणखी एका प्रश्नासाठी पाहण्यासारखे आहे. मध्ययुगाच्या अखेरीस आपल्याकडे शहरे कशी वाढली, त्यांत राहणारा व्यापारी, कारकून, सावकार, कारागीर असा मधला थर कसा तयार झाला आणि तो एका शहरातून दुसऱ्या शहरात का गेला?

चिमाजी अप्पा कोणत्या घरातून आले?

चिमाजी बल्लाळ भट हे बाळाजी विश्वनाथ आणि राधाबाई यांचे पुत्र. थोरले बंधू बाजीराव यांचा जन्म १७०० चा. चिमाजी त्यांच्याहून काही वर्षांनी लहान. घराणे कोकणातल्या श्रीवर्धनचे, देशमुखी वतनाचे. जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसल्यावर बाळाजींना गाव सोडावे लागले. त्यांनी चिपळूणकडे मिठागरांवर कारकुनी केल्याचे सांगितले जाते. पुढे घाट चढून ते सेनापती धनाजी जाधवांच्या हाताखाली महसुलाचे काम पाहू लागले. हिशेब, पत्रव्यवहार, वसुली आणि वाटाघाटी ही त्यांची भांडवली. या भांडवलावर ते १७१३ मध्ये छत्रपती शाहूंचे पेशवे झाले.

म्हणजे मराठी सत्तेच्या शिखरावर पोहोचलेले हे घराणे मुळात तलवारीचे नव्हते, लेखणीचे होते. कोकणातून घाटावर येणाऱ्या अशा लिहित्या-वाचत्या कुटुंबांची रीघ पुढची शंभर वर्षे चालू राहिली.

बाळाजी १७२० मध्ये सासवडला वारले. पेशवाईची वस्त्रे बाजीरावांना मिळाली. दोघा भावांत कामाची वाटणी आपोआप झाली. बाजीराव वर्षातले बरेच महिने घोड्यावर असत. मागे सातारच्या दरबारात शाहूंची मर्जी सांभाळणे, पैशाची जुळवाजुळव करणे, घर आणि कारभार पाहणे हे चिमाजींकडे असे. त्यांची प्रकृती नाजूक होती, तरीही मोहिमांपासून ते दूर राहिले नाहीत. १७२८ च्या नोव्हेंबरात माळव्यात अमझेऱ्याच्या लढाईत त्यांनी मोगल सुभेदार गिरिधर बहादूर आणि त्याचा नातलग दया बहादूर यांचा पराभव केला. दोघेही लढाईत पडले आणि माळव्याचा रस्ता मराठ्यांना मोकळा झाला. १७३० मध्ये त्यांना मुलगा झाला. तोच पुढे पानिपतावर लढलेला सदाशिवरावभाऊ. त्यानंतर थोड्याच दिवसांत पत्नी रखमाबाई वारल्या.

१७३६ च्या एप्रिलमध्ये चिमाजींनी रेवसजवळ सिद्दी सात याला मारले. ज्या सिद्दीमुळे वडिलांना श्रीवर्धन सोडावे लागले होते, त्याच्या सत्तेला बसलेला हा मोठा धक्का होता. आता त्यांची नजर उत्तर कोकणाकडे वळली.

वसई शहर कसे उभे राहिले?

उत्तर कोकणात शहरे नवी नव्हती. सोपारा, कल्याण, ठाणे ही बंदरे फार जुनी. नाणेघाट, माळशेज घाटांतून घाटावरचा माल उतरे आणि खाड्यांतून समुद्रावर जाई. भिवंडी आणि कल्याण ही या वाटेवरची ठाणी. म्हणूनच शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि लगोलग खाडीत जहाजे बांधायला सुरुवात केली.

वसई मात्र शहर म्हणून वाढली ती १५३४ नंतर. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने त्या वर्षी तहाने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यांनी समुद्र आणि खाडी यांच्या बेचक्यात तटबंदीचे शहर वसवले. ते त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी झाले. तटाच्या आत मजली घरे, चर्च, मठ, रुग्णालय, बाजार. पोर्तुगालहून येऊन इथेच लग्न करून स्थायिक झालेल्या कुटुंबांना गावेच्या गावे इनामासारखी मिळत. त्या बदल्यात वेळ पडली की शस्त्र घेऊन हजर राहायचे. गावांच्या उत्पन्नावर ही मंडळी शहरात ऐटीत राहत.

पण ऐट टिकवणारा माल तटाबाहेरून येत होता. जहाजांसाठी आणि घरांसाठी लागणारे लाकूड आतल्या जंगलपट्ट्यातून येई. लाकडाच्या या मुलखावर ताबा राहावा म्हणून पोर्तुगीजांनी अशेरीचा डोंगरी किल्ला धरून ठेवला होता. वसईचा घडीव दगड गोव्यातल्या इमारतींपर्यंत जाई. वाडवळांच्या बागांतून ऊस, केळी, पाने येत. आगरी मीठ पिकवत, कोळी मासळी आणत. ठाण्याचे विणकर रेशमी आणि सुती कापड विणत. गुजराती वाणी हा माल विकत घेत, उधारी देत, हुंड्या वटवत.

मधला थर म्हणजे नेमके कोण?

आजच्या अर्थाचा मध्यमवर्ग, म्हणजे पगार, घराचे कर्ज आणि मुलांच्या शाळेची फी, असा तेव्हा नव्हता. पण राजा-सरदार आणि कुळे-मजूर यांच्या मध्ये एक थर नक्की होता. त्यात गावचे वतनदार होते, जकातीचे मक्तेदार होते, कारकून, सावकार, दलाल, सोनार, सुतार, विणकर होते. बाजारपेठेत शेटे आणि महाजन हे त्यांचे प्रमुख असत.

युरोपात याच सुमाराच्या काही शतके आधी व्यापारी शहरांनी राजांकडून सनदा मिळवल्या होत्या. त्यांची स्वतःची नगरसभा असे, कर बसवायचा अधिकार असे, काही ठिकाणी स्वतःची फौजही असे. आपल्याकडच्या शेटे-महाजनांना मान होता, हक्काचे उत्पन्न होते, पेठेतले तंटे सोडवायचा अधिकार होता. पण शहर त्यांचे नव्हते. राज्यकर्ता जाचक ठरला तर त्यांच्यापुढे मुख्यतः दोन मार्ग उरत. दुसऱ्या राज्यकर्त्याला बोलावणे किंवा उठून दुसऱ्या शहरात जाणे. वसईच्या बाबतीत हे दोन्ही घडले.

मोहिमेची मागणी कोणी केली?

पोर्तुगीज मुलखातल्या हिंदूंची मुख्य तक्रार धर्माची होती. देवळे पाडली गेली होती, उघडपणे सण आणि विधी करायला बंदी होती, बापाविना पोरक्या मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती करण्याचा कायदा होता. १५६० मध्ये गोव्यात सुरू झालेल्या इन्क्विझिशनचा धाक उत्तर प्रांतातही होता. वतनदार आणि व्यापारी कुटुंबांना याचा चटका विशेष बसे. त्यांच्याकडे वारसा, मालमत्ता आणि प्रतिष्ठा होती. मूल धर्माबाहेर गेले की वतनाचा वारसही जाई.

भिवंडी तालुक्यातल्या अंजूर गावचे गंगाजी नाईक अशांपैकीच एक. ते आणि त्यांचे भाऊ वर्षानुवर्षे मराठी दरबाराकडे खेपा घालत होते. मालाडचे अंताजी रघुनाथ यांचाही यात मोठा वाटा होता. या मंडळींची हकिकत साष्टीच्या बखरीत येते. त्यांनी पेशव्यांना नुसती विनवणी केली नाही. कोणत्या ठाण्यात किती माणूस आहे, खाडी कुठे उतरता येते, कोणता बुरूज अपुरा आहे, ही सारी माहिती त्यांनी पुरवली आणि वाटाडे, माणसे उभी केली.

ही बाब महत्त्वाची आहे. वसईची मोहीम पुण्याहून ठरली, पण तिची मागणी खालून, मधल्या थरातून आली होती.

दोन वर्षांची लढाई कशी झाली?

१७३७ मध्ये पोर्तुगीज ठाण्याला नवा किल्ला बांधत होते. काम अर्धवट होते आणि त्यासाठीच्या कर-वेठीमुळे लोक वैतागले होते. मार्चच्या अखेरीस मराठी फौजेने रात्री खाडी ओलांडून ठाणे घेतले. ठाण्यापाठोपाठ साष्टीचा मोठा भाग हाती आला. त्याच दिवसांत बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत धडकले होते. दोन भाऊ दोन टोकांना एकाच वेळी लढत होते.

वसई मात्र दाद देईना. १७३८ च्या अखेरीस ठाणे परत घेण्याचा पोर्तुगीजांचा प्रयत्न फसला आणि त्यांचा सेनापती पेद्रो द मेलो मारला गेला. मग चिमाजी अप्पांनी नव्या तयारीने मोहीम हाती घेतली. आधी वसईच्या उत्तरेची ठाणी घेऊन तिची रसद तोडायची, असा बेत होता. १७३९ च्या जानेवारीत माहीम-केळवे आणि तारापूर पडले. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर हा मोहरा कामी आला. फेब्रुवारीत वसईला वेढा पडला. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदेही वेढ्यात सामील झाले.

तीन बाजूंनी पाणी असलेल्या किल्ल्याला जमिनीची एकच बाजू होती. तिथे खंदक, मोर्चे आणि सुरुंग यांचे काम तीन महिने चालले. काही सुरुंग उलटले, आपलीच माणसे गेली. मे महिन्यात सुरुंगांनी तटाला खिंडार पडले आणि दोन दिवस घनघोर झुंज झाली. अखेर १६ मे १७३९ रोजी पोर्तुगीजांनी शरणागतीचा तह केला. पोर्तुगीजांची हानी शेकड्यांत होती, मराठ्यांची हजारांत. चिडलेल्या चिमाजींनी आपले डोके तोफेने किल्ल्यात उडवायला सांगितल्याची कथा प्रसिद्ध आहे. ती दंतकथा असली, तरी या वेढ्याने सेनापतीची किती कसोटी पाहिली याची कल्पना त्यातून येते.

हे सारे पैशावाचून होत नव्हते. पेशवे कायम कर्जात असत. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी त्यांचे गुरू होते आणि धनकोही. पुण्या-साताऱ्याच्या सावकारांकडूनही रकमा उचलल्या जात. पुढच्या वसुलीच्या भरवशावर आज कर्ज द्यायचे, असा हा व्यवहार. म्हणजे मधला थर मोहिमेची मागणी करत होता आणि तिचा खर्चही पुरवत होता.

तहात काय ठरले?

जिंकलेले शहर लुटण्याचा तो काळ. त्याच वर्षी मार्चमध्ये नादिरशहाने दिल्लीत कत्तल आणि लूट केली होती. वसईत तसे झाले नाही. शिबंदीला मानाने, वाजतगाजत बाहेर पडू दिले गेले. शहरातल्या कुटुंबांना आपली चीजवस्तू घेऊन जाण्यासाठी आठ दिवसांची मुदत मिळाली. जे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक होती. मेच्या तिसऱ्या आठवड्याअखेर वसईवर भगवा लागला.

तहाच्या या अटींत दया होती तसा हिशेबही होता. ओसाड तट जिंकून राज्याला उत्पन्न मिळत नाही. बागा, मिठागरे, माग चालू राहिले तरच महसूल येतो. महसुली कारकुनाच्या मुलाला हे सांगावे लागत नव्हते. वसई परिसरातला ख्रिस्ती समाज पेशवाईतही तिथेच राहिला, आजही आहे.

चर्चच्या काही घंटा मात्र विजयाची खूण म्हणून घाटावर गेल्या. भीमाशंकर, नाशिकचे नारोशंकराचे देऊळ, वाईजवळचे मेणवली अशा ठिकाणी त्या अजून पाहायला मिळतात.

वज्रेश्वरीच्या देवीचे मूळ स्थान गुंज-काटी भागात होते आणि पोर्तुगीज काळात ते उद्ध्वस्त झाल्यावर देवी वडवलीला आली, अशी परंपरा आहे. मोहिमेआधी चिमाजींनी तिला नवस केला आणि विजयानंतर वसईचे सुभेदार शंकराजी केशव फडके यांच्याकरवी देऊळ बांधवले. नगारखाना पुढे बडोद्याच्या गायकवाडांनी बांधला. देवळाबरोबर उत्पन्न, पुजारी, वाजंत्री, जत्रा आणि जत्रेबरोबर बाजार आला. तानसा खोऱ्यातल्या गावांसाठी वसईच्या विजयाचा हा सर्वांत टिकाऊ परिणाम म्हणावा लागेल.

मग वसई पुन्हा का वाढली नाही?

वसईची उतरण १७३९ च्या आधीच सुरू झाली होती. सतराव्या शतकात डच आणि इंग्रजांनी पोर्तुगीजांचा समुद्री व्यापार तोडला. शतकाच्या शेवटी साथीने शहर पोखरले. मराठ्यांना मिळालेले शहर वैभवाचे होते, पण ऐन भरातले नव्हते.

तिथली बरीच पोर्तुगीज कुटुंबे तहानंतर मुंबईमार्गे निघाली. त्यांच्याबरोबर पैसा आणि गिऱ्हाईकही गेले. मराठ्यांनी शहराला बाजीपूर नाव दिले, नवी वस्ती आणण्यासाठी जमिनी इनाम दिल्या. पण इनामांवर मुख्यतः कारकून, ब्राह्मण, प्रभू कुटुंबे आली. त्यांच्यामुळे कचेरी चालते, बंदर चालत नाही. बंदराला जहाजमालक, विमा उतरवणारा, घाऊक खरेदीदार लागतो. तो वर्ग समोर मुंबईत जमत होता. लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी जहाजबांधणी कारागीर १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले होते. कंपनीची गोदी नुकतीच उभी राहत होती.

वसई पडल्याची बातमी आल्यावर मुंबईकर इंग्रज हादरले. त्यांनी दोन गोष्टी केल्या. कॅप्टन इंचबर्ड याला चिमाजींकडे पाठवून जुलै १७३९ मध्ये तह केला आणि मराठी मुलखात व्यापाराची मोकळीक मिळवली. शिवाय मुंबईच्या तटाभोवती खंदक खणायला घेतला. या खंदकासाठी तिथल्या देशी व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून ३० हजार रुपये दिले. शहराच्या रक्षणासाठी आपल्या खिशातून पैसे घालावेत, असे व्यापाऱ्याला वाटणे ही मोठी गोष्ट होती. कंपनीचे राज्य त्याला प्रिय होते असे नाही. पण तिथे त्याचा धर्म, करार आणि गोदाम बऱ्यापैकी सुरक्षित होते आणि जहाजे येत होती.

चिमाजींच्या हाती नसलेली गोष्ट हीच होती. वसई जिंकता आली, समुद्र जिंकता आला नाही. आंग्र्यांचे आरमार होते, पण त्या घराण्यात भाऊबंदकी माजली होती आणि पेशव्यांशी त्यांचे संबंधही ताणलेले होते. व्यापारी जहाजांना आसरा देणारी ताकद उत्तर कोकणात इंग्रजांकडेच उरली.

याच काळात पुणे कसे वाढले?

वसईला जे जमले नाही ते पुण्याला जमले. बाजीरावांनी सासवडहून बिऱ्हाड पुण्याला हलवले. १० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याचा पाया घातला गेला, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. सत्तेचे ठिकाण ठरले तसे शिपाई, कारकून, सराफ, कापडवाले, तांबट, कासार येऊ लागले. नव्या पेठा वसवताना राज्यकर्ते कौल देत. म्हणजे सुरुवातीची काही वर्षे कर माफ किंवा कमी, पेठेवर शेटे-महाजन नेमायचे आणि बाजार भरवायचा. व्यापाऱ्याला पाय असतात आणि ते दुसरीकडेही वळू शकतात, हे राज्यकर्त्यांनी मान्य केल्याचाच हा करार होता.

मात्र पुण्याची भरभराट मुख्यतः सत्तेच्या खर्चावर होती. मोहिमांची लूट, चौथाई, वसुली पुण्यात येई आणि बाजारात फिरे. मुंबईची वाढ जहाजांवर आणि मालावर होती. हा फरक १८१८ नंतर स्पष्ट दिसला. पेशवाई गेली आणि पुण्याच्या पेठा रोडावल्या. मुंबई वाढतच राहिली.

चिमाजी अप्पांचे शेवटचे वर्ष

वसईनंतर चिमाजींना फार दिवस मिळाले नाहीत. मस्तानीच्या प्रकरणावरून घरात तेढ वाढली होती. बाजीराव मोहिमेवर असताना तिला अटकेत ठेवण्यात चिमाजी आणि पुतणे नानासाहेब यांचा हात होता. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव वारले. चिमाजींनी पेशवाई स्वतःकडे मागितली नाही. ती नानासाहेबांना मिळावी म्हणून शाहूंकडे रदबदली केली आणि जूनमध्ये वस्त्रे नानासाहेबांना मिळाली.

छातीच्या जुन्या विकाराने त्यांना शेवटी गाठलेच. १७ डिसेंबर १७४० रोजी ते पुण्यात वारले. वय चाळिशीच्याही आत. दुसऱ्या पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. पुण्यात मुठेकाठी ओंकारेश्वराजवळ त्यांची समाधी आहे.

वसई १७८० मध्ये इंग्रजांनी घेतली, सालबाईच्या तहाने परत दिली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने तह करून इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. चिमाजींनी घेतलेल्या शहरात, त्यांच्याच घराण्याच्या वारसाने स्वातंत्र्य गहाण टाकले.

आज वसईच्या किल्ल्यात पडकी चर्च आहेत, रिकाम्या रस्त्यांच्या खुणा आहेत आणि चिमाजी अप्पांचे स्मारक आहे. अंजूरच्या नाइकांपासून मुंबईत खंदकाची वर्गणी भरणाऱ्या व्यापाऱ्यांपर्यंत या कथेतल्या मधल्या माणसांची मागणी फारशी वेगळी नव्हती. धर्म पाळता यावा, मुलाबाळांना वारसा मिळावा, करार पाळला जावा आणि माल विकला जावा. ज्या शहराने यातले अधिकाधिक दिले, तिथे ही माणसे गेली. वज्रेश्वरीच्या पायऱ्या चढताना सेनापतीची आठवण येते, तशी त्याला बोलावणाऱ्या आणि पुढे दुसऱ्या शहराची वाट धरणाऱ्या माणसांचीही यायला हवी.